जुन्या टेलिव्हिजन संचांची हौस



पुण्याच्या दिनकर केळकरांचे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. हे गृहस्थ गावोगाव हिंडून अडकित्ते, दौती, समया, कुंकवाचे करंडे, जुन्या वाड्यांचे कोरीव दरवाजे असे काहीबाही गोळा करीत. कुणाच्या माळ्यावर अडगळीत पडलेली वस्तू दिसली की ती मागून घ्यायची, पैसे पडले तर द्यायचे आणि घरी आणायची. अशा माणसाकडे लोक कसे पाहतात हे मी सांगायला नको. आज त्यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभे केलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला शाळांच्या सहली जातात, आणि घरोघरी पायलीला पन्नास पडलेले अडकित्ते काचेच्या कपाटात मानाने बसलेले मुले पाहतात.

वस्तूंचे असेच असते. रोजच्या वापरात असते तोवर ती कोणी जपत नाही. वापरातून जाऊन दोन पिढ्या लोटल्या की मग तिची किंमत कळते. खरी पंचाईत होते ती मधल्या काळाची. त्या काळात ती वस्तू उपयोगाचीही नसते आणि जुनीही नसते. ती नुसती जागा अडवणारी असते. तेव्हाच ती भंगारात जाते.

आपल्याकडचा जुना टेलिव्हिजन संच आज नेमका या मधल्या काळात सापडला आहे. जगात काही ठिकाणी तो काळ पार करून आलेले संच आहेत, ते जमवणारी आणि दुरुस्त करून चालवणारी माणसे आहेत. त्यांच्या हौसेविषयी आज मी बोलणार आहे. रेडिओवर बसून टेलिव्हिजनचे कौतुक करायचे म्हणजे धाकट्या भावाच्या लग्नात थोरल्याने वाढपी व्हावे तसे आहे. पण दोघे एका घरातले. आपल्याकडे १ एप्रिल १९७६ पर्यंत दूरदर्शन हे आकाशवाणीच्याच छपराखाली होते, तेव्हा मनात काही न ठेवता बोलायला हरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तिकिटे जमवावीत, नाणी जमवावीत, ती एका वहीत मावतात. दोन माणसांना उचलेना असे खोके जमवण्यात कसली आली हौस? याचे उत्तर त्या खोक्याच्या आत आहे. म्हणून थोडे मागे जाऊ.

जॉन लोगी बेअर्ड नावाचा एक स्कॉटिश माणूस लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत खटपट करीत होता. पैशाची चणचण, प्रकृती यथातथा. प्रयोगासाठी त्याने समोर ठेवले होते एका बाहुल्याचे डोके, कारण त्याच्या दिव्यांचा प्रकाश आणि उष्णता माणसाला सोसवेना. २ ऑक्टोबर १९२५ रोजी त्या बाहुल्याचा चेहरा पलीकडे नीट उमटला, तेव्हा बेअर्ड धावत खालच्या मजल्यावर गेला आणि तेथल्या कचेरीतल्या एका पोऱ्याला ओढून वर घेऊन आला. दिव्याच्या धगीने पोऱ्या मागे सरू लागला, म्हणून त्याच्या हातावर पैसे ठेवून त्याला बसवावे लागले. टेलिव्हिजनवर दिसलेला पहिला माणूस तो. पुढे २६ जानेवारी १९२६ ला सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवरच्या खोलीत बेअर्डने आपले यंत्र शास्त्रज्ञांना दाखवले. योगायोग म्हणा, आपले मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेही २ ऑक्टोबरलाच, १९७२ साली. त्याचे कारण अर्थात गांधीजयंती, बेअर्ड नव्हे.

बेअर्डचा ‘टेलिव्हायझर’ नावाचा संच १९३० साली विक्रीला आला. जमवणाऱ्यांच्या जगात त्याला देवघरातल्या टाकाचा मान आहे. त्यात काचेची पिक्चर ट्यूब नाही. एक मोठी पातळ तबकडी आहे आणि तिच्यावर तीस भोके आहेत. ही भोके एका वर्तुळावर नाहीत, प्रत्येक पुढचे भोक केंद्राकडे जरासे सरकलेले, शंखाच्या वेटोळ्यासारखे. मागे निऑनचा दिवा. तबकडी मिनिटाला ७५० फेरे घेते, दिवा बिनतारी संदेशाप्रमाणे कमी-जास्त होतो, आणि एकेका भोकातून दिसणारी प्रकाशाची एकेक रेघ मिळून, तीस रेघांचे नारिंगी चित्र तयार होते. आकार पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा. भिंगातून डोकावून पाहायचे, आणि चित्र सरकू लागले की खुंटी पिळून जागेवर आणायचे.

गुरुजींना मी मुद्दाम सांगतो, ही तबकडी जर्मनीतल्या पॉल निपकोव्हने १८८४ साली, म्हणजे रेडिओचाही पत्ता नव्हता तेव्हा, कागदावर मांडून पेटंट केली होती. जाड पुठ्ठ्याची अशी तबकडी शाळेत करता येते. पेन्सिलीने वेटोळे आखा, सारख्या अंतरावर बारीक भोके पाडा, खेळण्यातल्या मोटरीवर बसवून फिरवा आणि तिच्यामागे दिवा ठेवा. भोके दिसेनाशी होतात आणि पलीकडे उजेडाचा सलग चौकोन उभा राहतो. डोळा फसतो कसा हे चौथीच्या पोरालाही कळते. इंग्लंडात १९७५ पासून अशा हौशी लोकांची एक मंडळी आहे. ते आजही घरी तबकड्या कापून तीस-बत्तीस रेघांचा टेलिव्हिजन करतात.

बेअर्डचे हे चित्र इतके साधे होते की त्याचा संदेश ग्रामोफोनच्या तबकडीवर गाण्यासारखा कोरता येई. १९२७-२८ साली त्याने तसे करून पाहिले. त्या तबकड्यांतून तेव्हा पाहण्याजोगे चित्र काढता आले नाही, खरखरच फार. पन्नासांहून अधिक वर्षांनी डोनाल्ड मॅक्लीन या अभियंत्याने संगणकाच्या मदतीने त्या तबकड्यांतून चेहरे बाहेर काढले. कुणीतरी त्या मधल्या काळात त्या फेकून दिल्या नाहीत म्हणून हे झाले.

बी.बी.सी.ने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून रोजचा कार्यक्रम सुरू केला. थोड्याच महिन्यांत बेअर्डची पद्धत मागे पडून ४०५ रेघांची इलेक्ट्रॉनिक पद्धत कायम झाली. त्या वेळच्या संचांत एक प्रकार फार मजेचा आहे. बारा इंची पिक्चर ट्यूब तेव्हा इतकी लांबलचक असे की ती आडवी ठेवली तर कपाट भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत यावे. म्हणून ती कपाटात उभी ठेवली, तोंड आढ्याकडे. कपाटाच्या झाकणाला आतून आरसा. झाकण अर्धवट उघडायचे आणि आरशात चित्र पाहायचे. आरशात उलटे दिसणारच, म्हणून ट्यूबवरचे चित्र आधीच उलटे काढलेले. अशा संचाला सुमारे शंभर गिनी पडत, आणि तेवढ्या पैशांत त्या काळी इंग्लंडात लहान मोटार येई. पाहुण्यांपुढे ते झाकण उघडताना मालकाच्या चेहऱ्यावर काय भाव असेल याची कल्पना करा!

अमेरिकेत १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात आर.सी.ए. कंपनीने असाच आरशाचा संच मांडला. लोकांना विश्वास बसेना. त्यांना वाटे आत सिनेमाचे यंत्र लपवले आहे. तेव्हा कंपनीने एक संच पारदर्शक कपाटात बसवून ठेवला, आरपार दिसणारा. तो आज कॅनडात टोरांटोच्या टेलिव्हिजन संग्रहालयात आहे. लबाडी नाही हे पटवण्यासाठी केलेले कपाट आज सगळ्यांत दुर्मिळ झाले आहे.

१ सप्टेंबर १९३९ ला बी.बी.सी.चा टेलिव्हिजन बंद झाला. शत्रूच्या विमानांना मनोऱ्याच्या लहरींवरून दिशा सापडू नये ही भीती होती, आणि टेलिव्हिजनचे अभियंते व व्हॉल्व्ह दोन्ही रडारसाठी हवे होते. तोवर वीसेक हजार संच विकले गेले होते. ७ जून १९४६ ला कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. पुढे मोठ्या पडद्यांचे स्वस्त संच आले आणि ते जुने संच निघाले भंगारात. कपाटाचे लाकूड चांगले होते म्हणून कित्येकांची आतली यंत्रणा काढून दारूच्या बाटल्या ठेवण्याचे कपाट केले गेले. मधला काळ म्हणतो तो हाच. त्या वीस हजारांतले आज हाती राहिलेले संच अगदी मोजके आहेत.

आणि संचच का मोलाचे, हेही सांगायला हवे. तेव्हाचे कार्यक्रम जिवंत होत आणि हवेत विरून जात. ते साठवायची सोय नव्हती. १९३८ च्या नोव्हेंबरात सूर्यावरच्या डागांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत असा काही फरक पडला की लंडनचे चित्र अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कमध्ये दिसू लागले. तेथल्या अभियंत्यांनी पडद्यासमोर कॅमेरा धरून त्याचे मूक चित्रण केले. ती चारेक मिनिटांची फिल्म पुढे एका जुन्या वस्तूंच्या हौशी माणसाच्या प्रयत्नाने उजेडात आली. युद्धापूर्वीचा इंग्रजी टेलिव्हिजन घरात दिसे तसा पाहायचा, तर एवढाच ऐवज शिल्लक आहे. बाकी जे काही उरले, ते म्हणजे ती लाकडी कपाटे.

युद्धानंतरच्या संचांची यादी मी वाचत बसत नाही. रशियातल्या १९४९ च्या के.व्ही.एन. संचाचा पडदा इतका लहान की त्याच्यापुढे पाणी किंवा ग्लिसरीन भरलेले पोकळ भिंग टांगावे लागे. लोक त्या तीन अक्षरांचा अर्थ लावीत, ‘विकत घेतला, लावला, चालत नाही’. इंग्लंडातला १९५० चा बुश टी.व्ही. २२ हा तपकिरी बेकलाईटचा नऊ इंची संच फार देखणा, आणि नव्या जमवणाऱ्याच्या आवाक्यातला. अमेरिकेच्या फिल्को कंपनीने १९५८ साली मान वळवणारा, कपाटाबाहेर ट्यूब काढलेला संच केला. तो सारखा बिघडे आणि खपला नाही, पण आज त्याच्यावर उड्या पडतात. जमवणाऱ्यांचे प्रेम यशस्वी मालावरच बसते असे नाही.

आता त्या खोक्याच्या आतल्या गोष्टीकडे येतो. आजचा चपटा पडदा उघडला तर आत पाहण्यासारखे काही नसते. काळ्या चिपा आणि चिकटपट्ट्या. जुन्या संचात मात्र चित्र कसे तयार होते ते समजावून घेता येते, हात लावून दुरुस्त करता येते. एका काचेच्या मोठ्या बाटलीत हवा काढून टाकलेली. तिच्या गळ्याशी तापलेली तार. तेथून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आपटतो आणि एक ठिपका उजळतो. फक्त एक ठिपका! तोच ठिपका शेतकरी तास घालतो तसा डावीकडून उजवीकडे जातो, झटकन परत येतो, खालचा तास धरतो. आपल्या पद्धतीत असे ६२५ तास, सेकंदाला पंचवीस वेळा. सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस तास झाले. याच गतीने आतले एक ट्रान्सफॉर्मर बारीक शीळ घालते. ती शीळ लहान मुलांना ऐकू येते, आजोबांना येत नाही, कारण वयाप्रमाणे इतके उंच सूर कानातून जातात. आवाज बंद करून संच लावा आणि वर्गाला विचारा. हात कुणाचे वर येतात ते पाहा. विज्ञानाचा एक धडा फुकट होतो.

दुसरा धडा मुंग्यांचा. कार्यक्रम नसलेल्या जागी खटका फिरवला की पडद्यावर मुंग्या येत, आठवते ना? त्या मुंग्या म्हणजे विजेची आणि हवेतली भरकटलेली खरखर. पण त्यांतला थोडा अंश, अदमासे शंभरातला एक, विश्वाच्या बालपणी सुटलेल्या लहरींचा असतो. तेराशे ऐंशी कोटी वर्षे प्रवास करून ती खरखर आपल्या छपरावरच्या अँटेनात शिरत होती, आणि आपण थापट्या मारीत होतो! पेन्झियस आणि विल्सन या दोघांना याच लहरींच्या शोधाबद्दल १९७८ चे नोबेल मिळाले. नव्या संचात मुंग्या नाहीत. तेथे निळा पडदा येतो.

या हौसेत एक वाद मात्र सुटत नाही. संच चालवावा, की नुसता जपावा? चालवला तर ट्यूब झिजते. तारेवरचा लेप प्रत्येक तासाला थोडा कमी होतो, आणि तो संपला की चित्र फिके पडत जाते. नवीन ट्यूब आज मिळत नाही. जुन्या ट्यूबची मान कापून नवी गन बसवणारे, हवा काढून ती परत बंद करणारे कारागीर पूर्वी होते. युरोप-अमेरिकेतले असे उरलेसुरले कारखाने २०१० नंतरच्या चार वर्षांत बंद झाले. अमेरिकेत ओहायो राज्यात हिलियर्ड येथे जुन्या टेलिव्हिजनचे संग्रहालय आहे, त्यांनी एका बंद झालेल्या कारखान्याची यंत्रे आणून ठेवली; विद्या बुडू नये म्हणून. १९५४ च्या आर.सी.ए.च्या पहिल्या रंगीत संचाची ट्यूब तर न वापरताही मरते. काच आणि धातू जेथे जोडले आहेत तेथून हवा आत शिरते. एक हजार डॉलर देऊन घेतलेला तो संच माळ्यावर सुरक्षित असतो आणि एके दिवशी बघावे तर ट्यूब गेलेली.

कंडेन्सरांची गोष्ट याच जातीची. मेण लावलेल्या कागदाचे जुने कंडेन्सर हटकून खराब होतात. ते बदलल्यावाचून संचाला वीज देणे धोक्याचे. पण नवे बसवले तर आत बाजारचा माल दिसतो. मग काही कारागीर जुन्या कंडेन्सरचे पोट रिकामे करतात, त्यात नवा लहानसा घालतात आणि मेणाने तोंड बंद करतात. बाहेरून १९३६, आतून आजचे. काही जणांना ही फसवणूक वाटते. माझे मत विचाराल तर, काय बदलले ते कागदावर लिहून कपाटात ठेवले असेल तर त्यात फसवणूक नाही; आपण देवळाचा कळसही नवा करतोच. मात्र ज्या प्रकारचा एकच संच उरला आहे, त्याला कुणी हात लावू नये.

आपल्या मुलखात काय आहे? दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रयोग म्हणून टेलिव्हिजन सुरू झाला, १९६१ पासून तेथल्या शाळांसाठी पाठ दाखवले जाऊ लागले, आणि २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांसाठी ‘कृषी दर्शन’. मुंबईचे केंद्र १९७२ चे, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळाले. १९७५ च्या १ ऑगस्टपासून वर्षभर सहा राज्यांतल्या २४०० गावांत उपग्रहावरून कार्यक्रम आले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण सोलापूरच्या शेजारचे विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, शाळेसमोर ठेवलेला संच, सकाळी मुले आणि संध्याकाळी सगळा गाव. वर्ष संपले, उपग्रह दुसरीकडे सरकवला गेला, आणि बऱ्याच गावांतले पडदे काळे झाले.

त्यानंतरचे आपणच सांगाल. चार पायांचे लाकडी कपाट, सरकती दारे, त्यांना कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. वर क्रोशाचा रुमाल. शेजारी गुरगुरणारा स्टॅबिलायझर. पोस्टात जाऊन काढलेला परवाना. कृष्णधवल चित्राला रंग यावा म्हणून पुढे लावलेली निळी काच. छपरावर मुलगा, अंगणात बाप, दारात आजी, आणि तिघांत मिळून चाललेले “आलं का? आलं का? गेलं, गेलं, होतं तसं राहू दे!” १९८७ साली रामायण लागले तेव्हा कित्येक ठिकाणी त्या कपाटाला हार घातला गेला. इंग्लंडातल्या आरशाच्या झाकणाला असा मान मिळाल्याचे मी वाचलेले नाही.

आता छपरावरचा तो अँटेना काही पकडत नाही. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे मनोरे, काही मोजकी ठिकाणे सोडली तर, २०२२ सालापर्यंत बंद झाले. संच मुका झालेला नाही. लहानशी रूपांतर करणारी डबी जोडली तर तो आजही चित्र देतो. पण ते कुणाला ठाऊक नसते, आणि भंगारवाला दारात उभा असतो. त्याला आतले तांबे हवे असते. ट्यूब तो फोडतो, आणि तिच्या काचेत शिसे असते, ते उकिरड्यावर पडते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अधूनमधून एखादा दारांचा संच दिसतो, बहुतेक वेळा आतून रिकामा.

तेव्हा शाळेच्या कोठीत, ग्रामपंचायतीच्या खोलीत, वाड्याच्या माळ्यावर असा संच असेल तर एवढे करून पाहा. मुलांना आत हात घालू देऊ नका; संच बंद करून बराच वेळ झाला तरी ट्यूबमध्ये विजेचा साठा राहतो आणि त्याचा झटका जबर असतो. ट्यूब मानेला धरून उचलू नका. लगेच वीजही जोडू नका. मागच्या पुठ्ठ्यावर कंपनीचे नाव आणि नंबर असतो तो उतरवून घ्या. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून तो कोणी, कधी, कुठल्या गावाहून आणला, किती पैसे पडले, गावात कितवा होता, पहिल्या दिवशी कोण कोण पाहायला आले हे एका वहीत मुलांकडून लिहून घ्या. पावती किंवा परवान्याचे पुस्तक सापडले तर तेही त्याच वहीत. मागचे झाकण काढायचे काम तालुक्याच्या जुन्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकला द्या. साठी उलटलेला असेल तर फारच चांगले. कपाटाच्या आतल्या फळीवर पूर्वीच्या दुरुस्त्यांच्या तारखा पेन्सिलीने लिहिलेल्या असतात, त्याही तो वाचून दाखवील. मग त्याला ट्यूबच्या मानेत टॉर्चने पाहायला सांगा. तेथे काचेला आतून एक डाग असतो. तो चांदीसारखा चकाकत असेल तर आत अजून हवा शिरलेली नाही. दुधासारखा पांढरा पडला असेल तर चित्र यायचे नाही. कपाट आणि वही तेवढी ठेवा.